बांधून आणलेली भाकरी

"मग माजं चुकलं काय, तेवढं तरी सांगा बाबा."

सोमा गवारी अंगणात उभा राहूनच बोलत होता. खेवजीबाबा ओट्यावर बसून दोर वळत होते. वय ऐंशीच्या पुढं. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला माणसाची नुसती सावली दिसायची.

उंबरदांड गावात दगडावर दगड कसा बसवावा हे ज्याला ज्याला येतं, त्याला ते खेवजीबाबांनी शिकवलेलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत सोमा सगळ्यात सरस. हे सोमालाही माहीत होतं, आणि जरा जास्तच माहीत होतं.

"बस," बाबा म्हणाले.

"बसायला येळ न्हाय. मिरगाला धा दिस राह्यलं."

बाबा दोर वळत राहिले...

उंबरदांड डोंगराच्या उतारावर आहे. तिथं सपाट जमीन आयती मिळत नाही, करावी लागते. उतारावर दगडांचा बांध, म्हणजे ताल, रचायचा, त्याच्या मागं माती भरायची, तेव्हा कुठं भाताचं एक खाचर तयार होतं. एका घराच्यानं हे काम होत नाही. म्हणून सगळं गाव एका दिवशी एकाच्या रानात उतरतं. त्याला पडकई म्हणतात. ज्याची पडकई, त्यानं आदल्या दिवशी घरोघर जाऊन बोलवायचं आणि दुपारी सगळ्यांना जेवू घालायचं. एवढाच नेम.

गेल्या पावसाळ्यात सोमाच्या वरच्या खाचराचा ताल फुटला. तो पुन्हा उभा राहिला नाही, तर यंदा वरचं खाचर वाहून जाणार आणि जाताना खालची दोन्ही घेऊन जाणार. सोमाला दुसरं रान नव्हतं. घरात खायचा भात होता तो या तीन खाचरांतलाच.

महिनाभर सोमा आणि त्याची बायको ठकू, दोघंच दगड वाहत होती. ठकूच्या पायाचं बोट धोंड्याखाली सापडलं. तेव्हापासून तो एकटाच.

"पंधरा वर्सं झाली बाबा. गावात एक घर न्हाय, ज्याच्या पडकईला म्या गेलो न्हाय. समद्यांच्या आदी जायचो, समद्यांच्या मागनं निघायचो. आन माज्या रानाकडं एक कुत्रं फिरकंना."

"बोलावलंस?"

"बोलवायचं कशाला? ताल फुटलाय ते दिसत न्हाय व्हय त्यांना?"

"मला बी दिसत न्हाय," बाबा म्हणाले.

सोमाला हसू आलं नाही.

"म्या कुणाचं कायबी खाल्लं न्हाय बाबा. पडकईला गेलो तरी भाकरी घरची बांधून नेली. त्यांनी वाढलं, तरी घेतलं न्हाय. कुणाच्या उपकारात ऱ्हायाचं न्हाय, हे बापानं शिकवलं. आन आता तुमी म्हणताय, दारोदार फिरून हात जोडू?"

"म्या कुठं काय म्हणलो?"

...

बाबांनी दोर बाजूला ठेवला. आत गेले. बराच वेळ आत काहीतरी खुडबुड चालली होती. बाहेर आले ते हातात एक बांधलेलं फडकं घेऊन.

"चल. ताल दाव."

रान गावाच्या वरच, हाकेच्या अंतरावर, पण चढण उभी. सोमानं हात पुढं केला. बाबांनी तो लगेच धरला.

वर पोचल्यावर बाबा तालाजवळ उकिडवे बसले. एका टोकापासून हात फिरवायला लागले. दगडावरून दगडावर, सांध्यावरून सांध्यावर. सोमा श्वास रोखून बघत होता. पंधरा वर्षांचा असताना बघायचा, तसाच.

"फट न्हाय कुठं."

सोमाचा चेहरा खुलला.

"दगड समदे बारके."

"एकट्याला उचलतील तेवढेच हायेत."

"आन तालाच्या पायातला धोंडा?"

"खाली व्हाळात गेलाय. त्याला वर आणायला आठ माणसं लागत्यात."

"मग ह्यो कवापतूर टिकंल?"

 उत्तर सोमाला येत होतं. ते बाबांनीच कधीतरी शिकवलं होतं.

"पैल्या मोठ्या पावसापतूर..." शेवटी तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. रडताना कुणी बघू नये म्हणून तो दगड रचायला वळला. समोर जवळजवळ आंधळा माणूस बसलाय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

 रडणं थांबेपर्यंत बाबा बसून राहिले.

ऊन डोक्यावर आलं. दोघं अंजनीच्या झाडाच्या सावलीला गेले. सोमानं आपलं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. त्यानं भाकरी मोडली आणि मोठा तुकडा बाबांपुढं धरला.

"घ्या बाबा."

बाबांनी चाचपडत तो हात बाजूला सारला. स्वतःचं फडकं सोडलं. आत भाकरी होती.

"माजी हाये."

"आवो, पन..."

"हाये म्हणलं ना."

आणि ते सोमाकडं पाठ करून जेवायला लागले.

सोमा तसाच बसून राहिला. हातातला तुकडा हातातच. आधी तो गोंधळला, मग त्याचं डोकं फिरलं.

"बाबा, म्या काय परका हाये?"

बाबा जेवत होते.

"माज्या रानात यायचं, माज्या म्होरं बसायचं, आन भाकरी खायाची घरची? माजं अन्न तुमाला चालत न्हाय व्हय? ठकूला कळलं तर तिला काय वाटंल? माणसानं येवढ्या मायेनं हात म्होरं करायचा, आन तुमी... ह्यापरीस आला नसता तर बरं झालं असतं! असं तोंडात मारायला..."

सोमा थांबला.

...

बाबांना दात थोडे. एकेक घास बराच वेळ चालायचा.

खाली उतारावर गावाची खाचरं दिसत होती, एकाखाली एक. सोमा त्यांच्याकडं बघत होता.

"भिवाची म्हातारी," तो हळूच म्हणाला.

"काय तिचं?"

"ताट घिऊन हुबी व्हती. बराच येळ. त्यांच्या पडकईला. गुळाची खीर केली व्हती तिनं."

"मग?"

"म्या पाठ फिरवून माजं फडकं सोडलं."

"तिनं काय केलं?"

"कायबी बोलली न्हाय. ताट घिऊन गेली..."

बाबांनी शेवटचा घास खाल्ला. हात धोतराला पुसला.

 गावात घरांवरून धूर निघत होता. सोमाला गावातली घरं एकेक करून आठवत होती. त्याला फार लाज वाटली. इतकी, की ताल वाहून गेला तरी चालेल पण खाली गावात जायला नको, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं.

"आता कुठल्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला.

बाबांनी हात पुढं केला.

"तुजी भाकरी आण हिकडं."

सोमानं मोठा तुकडा दिला.

"समदी."

त्यानं उरलेलीही दिली. बाबांनी चटणीत बोट बुडवून चाखलं, मान हलवली, आणि भाकरी चटणीसकट आपल्या फडक्यात घेतली.

"नीघ. भिवाच्या घरापास्नं सुरुवात कर."

"आन तुमी?"

"म्या हाये हितं, सावलीला. मला घाई न्हाय."

सोमा उठला. दोन पावलं गेला आणि परत वळला.

"बाबा, उन्हं उतरल्यावर गेलो तर? आत्ता समदी जेवायला बसली असत्याल."

बाबांनी फडक्याला गाठ मारली.

"तू तरी कुठं जेवलायस?"