डांबरातला पंजा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. लहान असाल तर मांडी घालून ऐका, मोठे असाल तर मध्ये बोलू नका.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. डोंगराच्या पोटातून तिथे काळंभोर डांबर पाझरायचं. गावानं त्याच डांबरानं घरांची छपरं लिंपली आणि घाटापलीकडे जाणारा रस्ताही बांधला. पुढे तो झरा आटला. मग दरवर्षी दिवाळी झाली की गाव रस्त्यावरचं जुनं, फुटकं डांबर खणून काढायचं, कढईत वितळवायचं आणि पुन्हा अंथरायचं.

या कामाचा मुख्य होता हिरोजी. माणूस मनाचा चांगला, पण त्याला जाळाचं भारी वेड. "लाकडं आत सारा! खळखळून उकळलं की म्हातारं डांबर तरणं होतं," असं तो ओरडायचा. डांबर चकाकायचं, गाव खूश व्हायचं. आणि चैत्राचं ऊन लागलं की रस्ता तडकायचा, खडी उखडायची, गाड्यांची चाकं मोडायची. तरी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच कढई आणि तोच जाळ. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

हिरोजीची बायको अनसा. त्यांची एकुलती एक लेक गोजरा घाटापलीकडे दिलेली. लग्न होऊन गेली ती गेलीच. रस्ता केव्हा दगा देईल याचा नेम नाही, गाडी उलटेल म्हणून सासरचे तिला धाडत नव्हते, आणि अनसाचे गुडघे घाट चढू देत नव्हते.

लेकीची एकच खूण घरात उरली होती. लग्नाआधी स्वयंपाकघराचं बुटकं छप्पर गळायला लागलं, तेव्हा गोजरानं थोडं जुनं डांबर मंद आचेवर पातळ केलं आणि त्यात बिब्ब्याचं तेल घातलं. "टाचांच्या भेगा बिब्ब्यानं भरतात, मग छपराच्या का नाही?" असं तिचं म्हणणं. लिंपून झाल्यावर तिनं हाताला खोबरेल चोळलं आणि कोमट डांबरावर आपला पंजा उमटवला. बाप केवढा चिडला होता! "नासवलंस की गं सगळं डांबर!" पोरगी नुसती हसली होती.

अनसा रोज अंगणात उभी राहून वर हात करायची आणि त्या पंजावर आपला पंजा ठेवायची. उन्हानं तो ऊन झालेला असायचा. "जेवलीस का गं?" ती हळूच विचारायची. उत्तर कुठून येणार? मग डोळे पुसून कामाला लागायची.

एका दिवाळीला निरोप आला. गोजराला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रीत. पण सासूनं कळवलं होतं, "चैत्र सरल्यावर रस्ता धड राहिला, तर गाडी धाडू. नाहीतर बाळंतपण इथेच." चैत्रानंतर रस्ता धड राहिलाय कधी?

दुसऱ्या दिवशी छपरावर कावळा ओरडू लागला.

"कोण येणार आहे रे?" अनसानं आशेनं विचारलं.

"येणार कसं, बाई? रस्ता नको का?" कावळा म्हणाला. "मी आपला चोच घासायला आलोय. गावात कुठल्याही छपरावर चोच मारली की टवका उडतो. तुझ्या या पंजापाशी चोच रुतते, पण टवका उडत नाही. इतकी उन्हं खाऊन हे मऊ कसं राहिलं गं?"

अनसा बघतच राहिली. रोज हात ठेवत होती, पण तिला लेकीचा हात तेवढा दिसला होता, डांबर कधी दिसलंच नव्हतं.

ती लगबगीनं कढईपाशी गेली. तिचं ऐकून हिरोजी फणकारला, "बिब्बा? काहीतरीच! माझी हयात गेली या कढईपाशी."

"हयात गेली, आणि लेकही गेली," अनसा म्हणाली. "आता तरी जाळ कमी करा."

हिरोजीनं हातातलं लाकूड खाली टाकलं. घरी आला, छपराला अंगठा दाबून पाहिला. अंगठा रुतला. "वितळवून पाहिल्याशिवाय खात्री पटायची नाही," तो म्हणाला. "पण मग तो पंजा..."

अनसानं शेवटचं एकदा आपला हात त्या हातावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "काढा. मला खूण नको, लेक हवी."

तो तुकडा मंद आचेवर वितळला. हिरोजीनं काडी बुडवून वर उचलली, तर पाकासारखी लांब तार आली. त्याच्या कढईतल्या डांबराची तार कधीच आली नव्हती. "पोर सांगत होती, आणि मी ओरडलो तिच्यावर," म्हणून तो रडायलाच लागला. रडत रडतच त्यानं तो तुकडा मोठ्या कढईत ओतला.

गावानं रानातून बिब्बे आणले, तेल काढलं, धीमा जाळ लावला. रस्ता अंथरून झाला. "चकाकत नाही बुवा यंदा," लोक कुरकुरले.

चैत्र आला, तापला. अनसा रोज वेशीपर्यंत जाऊन रस्ता बघून यायची. तडा दिसत नव्हता. गाडीही दिसत नव्हती. वाट बघून बघून तिचे डोळे शिणले.

वैशाखात एका सकाळी कावळा ओरडला. यावेळी अनसानं काही विचारलं नाही, कारण तिला घुंगरं ऐकू आली होती.

जडावलेली गोजरा गाडीतून उतरली. पाणी प्यायच्याही आधी तिनं छपराकडे हात नेला. तिथे नवं लिंपण होतं.

"आई, माझा हात कुठे गेला?"

"ज्या रस्त्यानं आलीस, त्या रस्त्यात," अनसा म्हणाली आणि लेकीचा ऊन ऊन हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला. "जेवलीस का गं?"

"नाही. तुझ्या हातचं खायचं म्हणून उपाशीच आलेय."

म्हणून सांगतो, जे सुकून तडकलं त्याला जास्त आग लावू नये, त्यातून आटलेला ओलावा त्याला मंद आचेवर परत द्यावा.