तटस्थ संस्थानाची पंगत

एका वडाच्या सावलीवरून दोन राज्यांत सात वर्षं युद्ध चाललं होतं. मधलं चिमुकलं संस्थान तटस्थ, म्हणून दोन्ही सेनापती दुपारी लढाई थांबवून तिथेच एका पंगतीला जेवायला येत.

एकदा सेनापती गजांकुशराव मुदपाकखान्यात शिरले आणि आचारीण कृष्णाआक्कांवर गरजले, "आज त्या शत्रूच्या आमटीत विष घाला, नाहीतर तुमचं संस्थान जाळून टाकीन!"

"घालते की, सरकार," आक्का आमटी ढवळत म्हणाल्या. "पण आम्ही पडलो तटस्थ. आमच्याकडे पंक्तिप्रपंच चालत नाही. त्यांना जे वाढीन, तेच तुम्हालाही वाढीन. वाटी मोठी देऊ की लहान?"

त्या दिवसापासून पंगतीत शत्रूला नुसता ठसका लागला, तरी गजांकुशराव हातातली वाटी टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावत.