बिनचिठ्ठीची थंडाई

पिंपळकोठ्याचे नगराध्यक्ष दौलतराव घाटे यांचंच गावात परवान्याचं भांगेचं दुकान होतं. पुड्यांवर 'शंभर टक्के सेंद्रिय' असं ते आपल्याच मनाने छापून घेत. ते बघून नगरसेविका यमुनाताई कोष्टी यांनी नगरपंचायतीच्या सभेत ठराव मांडला की, पुडीत काय आहे, पाला कुठल्या शेतातला, फवारणी कसली, हे पुडीवरच्या चिठ्ठीत छापायची सक्ती करणारा कायदा सरकारने करावा आणि आपल्या नगरपंचायतीने त्याला पाठिंबा द्यावा.

दौलतराव खो खो हसले. "अहो ताई, भांग विश्वासावर प्यायची असते! महादेव काय चिठ्ठी वाचून प्यायला होता?"

सगळी सभा खिदळली. यमुनाताईंनी शांतपणे पिशवीतून थर्मास काढला आणि हिरवट थंडाईचा पेला अध्यक्षांपुढे सरकवला.

"घ्या, विश्वासावर."

दौलतरावांचा हात थबकला. संध्याकाळी त्यांना मंत्र्यांपुढे भाषण करायचं होतं.

"काय घातलंय यात? पाला कुठला? फवारलेला तर नाही ना?"

"लिहून घ्या हो," यमुनाताई कारकुनाला म्हणाल्या, "चिठ्ठीवर काय हवं ते अध्यक्षांनीच सांगितलं." मग दौलतरावांकडे वळल्या. "महादेवाला विष पचलं, साहेब. तुमच्या घशाखाली तर बिनचिठ्ठीची थंडाईसुद्धा उतरेना!"