हैबती मिस्त्रीच्या काळ्या गाठी

फार वर्षांपूर्वी, खांडीच्या घाटाला अजून कठडे नव्हते त्या काळात, वरच्या कासारदऱ्यात सगळ्या गावाची मिळून एकच जीप होती. लष्कराच्या लिलावातून आणलेली, पत्रा इतका जाड की बैलाने शिंग मारलं तर बैलच वरमायचा. कुणी आजारी पडलं की जीप, बाळंतीण अडली की जीप. खालच्या दवाखान्यापर्यंत बावीस वळणं होती आणि वाटेत एक घर नव्हतं.

जीपच्या चाव्या शिदूनाना शेलारांकडे असत. नाना माणूस चोख, पण भलते संशयी. दूध घेताना आधी म्हशीकडे बघत आणि मग म्हशीच्या मालकाकडे जास्त वेळ बघत. गावाने चाव्या त्यांच्याकडे दिल्या त्या याच गुणासाठी, असं म्हणतात.

पण आदल्या श्रावणात घात झाला. नानांच्या थोरल्या लेकीला, तानूला, बाळंतपणासाठी खाली नेत होते. चौदाव्या वळणावर जीपमधून धूर निघाला. जुन्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या एकमेकींना चिकटून जळाल्या. दिवे गेले, इंजिन गेलं. दाट धुक्यात माणसांनी तानूला झोळीत घालून खाली नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. आता धाकटी सगुणा माहेरी आली होती, तिचा आठवा सरत आला होता आणि जीप अजून तशीच दारात उभी होती. नाना रोज सकाळी उठून आधी लेकीकडे बघत आणि मग जीपकडे.

शेवटी जीप चालवणाऱ्या बाळकूने खालच्या बाजारातून हैबती मिस्त्रीला गाठलं आणि वर आणलं. काटकुळा, अबोल माणूस. त्याने बॉनेट उघडलं, हात फिरवला आणि सांगितलं की एक वायर जोडून भागणार नाही, आतलं सगळं काढून नवं घालावं लागेल. आणि खरोखरच त्याने जीपची सगळी आतडी अंगणात काढून मांडली. हा तांब्यावर डोळा ठेवून आलाय, असं नानांच्या मनाने लगेच घेतलं. त्यांनी जुन्या वायरी तुकड्या-तुकड्यानिशी गोळा केल्या आणि पेटीत घालून कुलूप लावलं.

तरी मन स्वस्थ होईना. मिस्त्री डोळे मिटून वायरी चाचपायचा, आणि काम करताना कुणी जवळ आलं तर हात थांबवायचा. एकदा नाना म्हणाले, तो लाल डबा दे. मिस्त्री खोकला, इकडेतिकडे बघितलं आणि हिरवा डबा पुढे केला. नानांनी डबा घेतला, पण मनात नोंद केली. स्वच्छ उजेडात लाल सोडून हिरवा उचलणाऱ्या माणसाच्या डोक्यात काहीतरी वेगळंच शिजत असणार.

मग गाठी आल्या. मिस्त्रीने नव्या अकरा रंगांच्या अकरा वायरी पुढपासून मागपर्यंत घातल्या, मधला भाग कापडी पट्टीने गुंडाळला आणि बाहेर राहिलेल्या टोकांना काळा दोरा बांधायला घेतला. कुठे एक गाठ, कुठे तीन, कुठे दोन गाठी सोडून पुन्हा एक. नानांनी विचारलं तर नुसतं म्हणाला, "खूण हाय, मालक." काळ्या दोऱ्याच्या गाठी कशाला मारतात हे कासारदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायकांनी सगुणेचं जीपच्या बाजूने जाणं बंद केलं. नानांना घास गिळवेना. एक लेक या जीपने नेली, आता दुसरीवर करणी करायला कुणी याला पाठवलंय, हेच रात्रंदिवस डोक्यात.

पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्री ओढ्यावर अंघोळीला गेला. नानांनी बाधा होऊ नये म्हणून हाताला हळद लावली, वस्तरा घेतला आणि पुढच्या-मागच्या सगळ्या गाठी कापून चुलीत घातल्या. मग देवाला हात जोडले. बऱ्याच दिवसांनी त्यांना पोटभर जेवावंसं वाटलं.

मिस्त्री परत आला. बॉनेट उघडून त्याने टोकांवरून बोटं फिरवली आणि तो मातीत खाली बसला. तो तोंड उघडणार इतक्यात आतून सगुणेची किंकाळी आली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की भर दुपारी अंगणातला उंबर दिसत नव्हता. झोळीने उतरायचं तर चार तास लागणार, आणि त्या चार तासांचा अर्थ नानांना कुणी सांगायला नको होता.

नाना धावत आले. वायरी लवकर जोड म्हणाले. मिस्त्री जागचा हलला नाही.

"गाठी कुनीतरी कापल्या," तो म्हणाला. "कुनी, ते मी इचारत न्हाई. पन मला लाल-हिरवं दिसत न्हाई, मालक. जल्मापासनं सगळं मातकट दिसतंय. म्हनून गाठी. आता येक-येक वायर तपासायची म्हनलं तर उद्याची दुपार हुईल."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला त्यांनी करणी समजून जाळलं, ते त्या माणसाचे डोळे होते.

"मग आता रं?"

"आता तुमी रंग सांगा, मी जोडतो. तुमी लाल म्हनाल ते लाल. चुकलात तर त्या वळनावर पुन्ना तसाच धूर निघंल."

आयुष्यात स्वतःच्या तराजूवरही विश्वास न ठेवलेला तो माणूस चिखलात गुडघे टेकून बसला. आधी पुढची टोकं, मग मागची. निळी, म्हणाले. पिवळी, म्हणाले. विटकरी आणि तांबडी यांत गडबड होऊ नये म्हणून दोन्ही डोळ्यांशी नेल्या, तीनदा बघितल्या, बाळकूला दाखवल्या आणि मग तोंड उघडलं. नानांनी रंग उच्चारला की जोडायच्या आधीच तिकडे दिवा लुकलुकायचा, असं म्हणतात.

दहा वायरी बसल्या. अकरावी पुढच्या दिव्यांची, आणि नेमका तिचाच स्क्रू गंजून मोडला. तेव्हा हैबती मडगार्डवर चढून बसला, वायरीचं टोक चिमटीत धरून जागेवर दाबलं आणि म्हणाला, चला.

पुढचं सगळ्यांनी वेगवेगळं पाहिलं आहे. बाळकू सांगायचा की प्रकाश जीपच्या आधी वळायचा, म्हणजे वळण अजून यायचं असायचं आणि उजेड तिकडे जाऊन थांबलेला असायचा. खालच्या गावातल्या लोकांना वाटलं, डोंगरातून सूर्यच गाडीत बसून येतोय. चौदाव्या वळणावर नानांनी लेकीचा हात घट्ट धरला आणि धुराचा वास घेत राहिले. वास आला नाही. जाणकार सांगतात की जीपच्या बॅटरीचा करंट मुंगी चावल्याइतकाही लागत नाही. जाणकारांना सांगू द्या. हैबतीची बोटं सांज होईपर्यंत निखाऱ्यासारखी लाल होती, असं म्हणतात, आणि ते त्या एकट्यालाच दिसत नव्हतं.

सगुणेला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. दवाखान्याच्या पायरीवर नाना हैबतीशेजारी बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"गाठी मी कापल्या."

"ठावं हाय. वायरींना हळदीचा वास हुता."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

"बोललो असतो तर तुमी लाजंनं घाबरून रंग सांगितलं असतं. मला खरं पायजे हुतं."

नंतर तो वर आलाच नाही. दुसऱ्या कुठल्या घाटात गेला म्हणतात. नानांनी मात्र मरेपर्यंत गावाला एकच गोष्ट शिकवली, आणि गाव ती अजून पाळतं. जीप कधीच गेली, ट्रॅक्टर आले, घरोघरी मोटारी आल्या. तरी कासारदऱ्यात कुणी मिस्त्री वायरिंग उघडायला बसला की आधी माणसं जमवून विचारतात, या मिस्त्रीवर शंका कुणाला आहे? एक ना एक हात वर होतोच. मग त्याच माणसाला पाट देऊन मिस्त्रीच्या शेजारी बसवतात, आणि मिस्त्रीला सगळं लख्ख दिसत असलं तरी वायरीचा एक-एक रंग त्या शंकेखोराने मोठ्याने सांगायचा असतो. याला हैबतीला डोळे देणं म्हणतात. आणि त्या पाटावर बसून आजवर कुणी रंग खोटा सांगितलेला नाही, असं म्हणतात.