बुजऱ्याची राखण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि चूक सगळी थोरल्याची होती. बाभळीखाली दाणे टिपणाऱ्या सातभाई पक्ष्यांचा तो म्होरक्या. वय सोडून दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे. बाकीचे खात असताना एकाने शेंड्यावर बसून राखण करायची, अशी त्यांची रीत होती.

त्यांच्यातल्या बुजऱ्याची पाळी आली की तो शेळी दिसली तरी ओरडे, पान पडलं तरी ओरडे. बोलायला गेला की नेमका दुसऱ्याच्या बोलण्यात घुसे.

"बाबा, तो घाबरतो म्हणून ओरडतो. हळू समजावा ना त्याला," थोरल्याची लेक म्हणाली.

थोरल्याने सगळ्यांना गोळा करून बुजऱ्याची नक्कल केली. "कळलं का रे बावळटा? मोठे बोलत असताना चोच मिटून उभं राहायचं!" सगळे पोट धरून हसले. लेक तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बुजऱ्याला शेंड्यावरून ससाणा येताना दिसला. खाली थोरला शिस्तीवर भाषण ठोकत होता. बुजरा न ओरडता उतरला आणि ते संपायची वाट बघत त्याच्या शेजारी गप्प उभा राहिला.

भाषण लांबलं. थोरल्याची एकुलती एक लेक ससाण्याने नेली.