पानाला विचारलं का?

गावात घाण्याचा बैल अजून फिरत होता, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक माळीण होती, सगुणा नावाची. बापामागं तिच्याकडं उरला होता तो शेवंतीचा एक वाफा. त्या बापानं, तिच्या आबांनी, दरसाल मुळाशी फुटलेली रोपं काढून, पुन्हा लावून जपलेली ती पिवळीधमक शेवंती पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं नव्हती. वाफ्यात बसलं, की आबा इथंच कुठंतरी आहेत असं तिला वाटायचं.

एका वर्षी शेंड्याशेंड्यावर काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, चढला. पानं आकसली, कळ्या माना टाकू लागल्या. वाफा गेला, तर आबांचं म्हणून काय राहणार?

आबा करंजाचं तेल शिंपडायचे, एवढं तिला आठवत होतं. धावत ती तेलीणकाकूंच्या घाण्यावर गेली. आबा पळीभर न्यायचे, हिनं गडूभर आणलं. "थोड्यानं गुण येतो, तर जास्तीनं लवकर येईल," म्हणत तिनं भर दुपारी निम्मा वाफा नुसत्या तेलानं माखला. माया आंधळी म्हणतात, ती अशी!

संध्याकाळी पाहते तर काय, मावा मेला होता खरा, पण पानंही करपून गेली होती. रडतरडत ती घाण्यावर गेली.

"काकू, तुमचं तेलच खोटं निघालं!"

"तेलाला नावं ठेवू नकोस, पोरी. तुझे आबा तेलासोबत मूठभर रिठे मागायचे. ते कशाला, आठवतंय का?"

आणि सगुणाला सगळं आठवलं. मधमाश्या घरी गेल्यावर, ऊन उतरल्यावर आबा उकिडवे बसायचे. रिठ्याचा फेस काढायचे, त्यात तेल थेंबथेंब घोळायचे. पाणी ताकासारखं पांढरं झालं, की एकाच पानाला लावायचे.

"आधी पानाला विचारू," आबा म्हणायचे.

"आबा, पान बोलतं होय?" छोटी सगुणा खुदखुदायची.

"बोलतं की! पण दुसऱ्या दिवशी. तोवर धीर धरायचा."

दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर सगुणानं तसंच केलं. उरलेल्या निम्म्या वाफ्यात मावा वाढतच होता, हात शिवशिवत होते. पण तिनं एकाच पानाला लावलं आणि थांबली. सकाळी पान हिरवंगार होतं.

"बोललं गं बाई!" ती म्हणाली, आणि आबांच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले. मग रोज नाही, दर आठ दिवसांनी ती ते पाणी शिंपडत राहिली.

त्या साली फुलं निम्मीच आली. पण पुढच्या साली वाचलेल्या झाडांच्या रोपांनी सारा वाफा पुन्हा भरला. त्या गावात अजूनही कुणी घाईनं औषध घेऊन निघालं, की म्हातारी माणसं हटकतात, "अरे, पानाला विचारलं का?"

तात्पर्य एवढंच: माया असो की औषध, समोरच्याला किती सोसेल ते आधी विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.