कावळ्याचा कोपरा

घरोघरी नव्यानं डिश बसत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बसवणारा सरूआक्काच्या गच्चीभर फिरला, पण सिग्नल मिळाला तो कावळ्याच्या कोपऱ्यातच. डिश तिथेच बसली.

"आता मी कुठं बसू?" कावळ्यानं विचारलं.

"माझ्यावर बस की," डिश म्हणाली.

तो बसला की डिश हलायची, खाली टीव्हीवरचं चित्र फुटायचं आणि सरूआक्का काठी घेऊन धावत यायची. शेवटी कावळा समोरच्या चिंचेवर गेला.

पितृपक्षात आक्कानं नवऱ्याच्या नावाचं पान कठड्यावर ठेवलं. ऊन कलेपर्यंत ती रडत विचारत राहिली, "अहो, काय राहून गेलं तुमचं?"

"ये रे, आज कुणी मारणार नाही," डिशनं हाक मारली.

"आजच ना?" म्हणून कावळा उडून गेला.

पानावरचा भात वाळला. डिश तसूभरही हलली नाही. खाली टीव्हीवर चित्र अगदी स्वच्छ होतं.